खड्ड्यावरचा पोलादी पंजा

मी एक जुना पोलादी पंजा आहे. मित्रांनो, तुमच्या शहराचा कचरा ज्या खोल खड्ड्यात येऊन पडतो, त्याच्यावर मी दोरांना लटकलेला असतो. मला सहा बोटं आहेत. खाली जायचं, कचऱ्याची मूठ भरायची, वर येऊन ती भट्टीच्या तोंडात सोडायची, एवढंच माझं जग. भट्टीच्या आचेवर पाण्याची वाफ होते आणि वाफेवर वीज. पाहुणे येतात, चकचकीत यंत्रांपाशी फोटो काढून जातात. माझ्या वाट्याला चार भिंती आणि कुबट काळोख. दार आहे, पण ते कचऱ्याच्या गाड्यांसाठी.

शहर लहान होतं तेव्हा मला मधूनमधून उसंत मिळे, वंगण मिळे. आता शहर असं फुगलं आहे, की माझ्या बोटांची टोकं झिजून बोथट झाली तरी कुणाला बघायला फुरसत नाही.

मला चालवते ती वरच्या काचेच्या खोलीतली मुलगी. तिचे वडील इथेच फिटर आहेत. लेक वर खुर्चीत आणि आपण खाली घाणीत, म्हणून ते तिला 'राणीसरकार' म्हणतात.

एकदा कुणीतरी फाटकी चादर, नायलॉनची दोरी आणि ओलं खरकटं एकाच गाठोड्यात बांधून टाकलं. दोरी माझ्या बोटांत अशी गुरफटली, की मूठ मिटेना की उघडेना. भट्टी उपाशी ठेवून चालत नाही. गाड्यांचं दार बंद करून वडील शिडीने खाली उतरले आणि माझ्याखाली उभे राहून दोरी कापू लागले.

खोलीतून एक लांब भोंगा वाजला, की दारवाल्याने दार उघडायचं, असा इथला नियम. पण चहा आला की वडिलांना बोलवायलाही ती तोच भोंगा वाजवी. त्या दिवशी माझी बोटं सुटलेली दिसली, चहाही आला होता, आणि सवयीने तिचा हात भोंग्यावर गेला. दार उघडलं. गाडी मागे आली आणि रिकामी होऊ लागली.

हाक काचेबाहेर जाणार नव्हती. तिने मला उघड्या बोटांनी छत्रीसारखं वडिलांवर सोडलं. सगळा ढीग माझ्या पाठीवर कोसळला. मग तिने हळूहळू त्यांच्याभोवती माझी मूठ मिटली आणि मला वर घेतलं. माझी बोटं बोथट होती, म्हणूनच वडिलांच्या अंगावर ओरखडासुद्धा उमटला नाही. आयुष्यभर टाकण्यासाठीच उचलत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा जपण्यासाठी उचललं.

काठावर उतरल्यावर, ती खोलीतून धावत आली तेव्हा, केसांतलं खरकटं झटकत ते म्हणाले, "राणीसरकार, चहा ठेवलाय, की तोही भट्टीत टाकलात?"

ती हसली नाही. "बाबा, भोंगा आता चहासाठी नाही," एवढंच बोलून ती तिथेच जमिनीवर बसली.

मित्रांनो, मी इथून सुटणार नाही. पण ओलं वेगळं ठेवा, दोऱ्या-चिंध्या त्यात कोंबू नका. माझी बोटं मोकळी राहिली तर ते म्हातारे पाय खाली उतरणार नाहीत. अजून त्यांना उतरावं लागतं. त्यांनी शिडीवर पाय ठेवला, की वर काचेमागे त्यांची लेक आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते.