ग्रुपसेटचा कौल

कारापूरच्या गुरुदासला सायकलबद्दल काही विचारायचं नाही, असा त्याच्या घरातला नियम होता. विचारलं की चहा गार व्हायचा, भात करपायचा आणि उत्तर काही मिळायचं नाही. डिचोलीच्या गॅरेजात वीस वर्षं खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांचे ब्रेक दुरुस्त केलेला माणूस. ब्रेकवर आपल्यापुढे कुणी बोलू नये अशी त्याची समजूत होती, आणि ती फारशी चुकीचीही नव्हती. पंचेचाळिशीत डॉक्टरने साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा त्याने पातळ चाकांची रोड बाइक घेतली. मुलगी कोमल आपली सायकल काढून त्याच्याबरोबर निघू लागली. एक दिवस दोघांनी सायकलने पार्सेला, कुलदेवाच्या देवळापर्यंत जायचं, असं त्याने तिला तेव्हाच कबूल केलं होतं.

मग ऑक्टोबरात गावाबाहेरच्या उतारावर गुरुदास आडवा झाला. कोपर सोललं, खांदा महिनाभर दुखला. दोष अर्थातच ब्रेकचा. दुसऱ्या दिवशी त्याने गिअर, ब्रेक, चेन असं सगळं उतरवून पत्र्याच्या डब्यात भरलं आणि जाहीर केलं, की आता नवा ग्रुपसेट, म्हणजे या सगळ्याचा एकत्र संच, आल्याशिवाय सायकल रस्त्यावर येणार नाही.

झालं. सात महिने संशोधन चाललं. जपानी संचाचे गिअर लोण्यासारखे बदलतात. इटालियन दिसायला देखणा, पण सुटा भाग हवा असला तर रुसलेल्या जावयासारखी त्याची वाट बघत बसा. अमेरिकनला वायरची कटकट नाही, पण बॅटरी संपली की डोंगरात बसा. रिमवर दाबणारे ब्रेक हलके, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक भक्कम. दोन संचांच्या वजनात एकशे ऐंशी ग्रॅमचा फरक निघाला तेव्हा तो दोन दिवस चिंतेत होता. सकाळी भाजीबरोबर चार उंडे पाव खाताना मात्र ते ग्रॅम कधी आडवे आले नाहीत. सायकल पडवीत खुंटीला लटकत होती, आणि त्याची बायको सुशीला तिच्या हँडलला मिरच्यांची पिशवी अडकवू लागली होती.

मे महिन्यात कोमलला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी निघायचं, म्हणजे हातात एकच रविवार उरला. पार्सेचं काय, असं तिने विचारलं. संच ठरत नाही तर मी काय करू, असं बापाने तिलाच विचारलं. सुशीला भांडी घासत होती.

"आता देवाकच विचार," ती म्हणाली.

तिने टोमणा मारला होता, पण गुरुदासला तो एकदम पटला. का पटला तेही सांगायला हवं. देवाने कुठलाही संच निवडला तरी तो मुंबईहून यायला तीन आठवडे लागणार होते, आणि तोवर कोमल पुण्यात. देवाची इच्छा आणि कुरिअरचा उशीर, यांच्यापुढे माणसाचं काय चालतं?

शनिवारी सकाळी बाप-लेक स्कूटरवरून पार्सेला पोचले. देवळात कौल लावायची रीत अशी, की ओल्या पाकळ्या मूर्तीला दोन्ही बाजूंना चिकटवायच्या आणि कोणती आधी पडते ते बघायचं. पण त्याआधी सवाल मोठ्याने, सगळ्यांच्या देखत मांडावा लागतो. देवाला गुपचूप चिठ्ठी द्यायची सोय नाही. देवळाचे म्हातारे मानकरी भिकाजी गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू गुरुदास. ह्येका सायकलीक ब्रेक होये. जपानी बरो तर उजवी दी, अमेरिकन बरो तर डावी दी."

"व्हय म्हाराजा," आपापल्या कौलासाठी बसलेल्या सात-आठ जणांनी गंभीरपणे साथ दिली. त्यांत कुणी मुलीच्या लग्नासाठी आलं होतं, कुणी जमिनीच्या वादासाठी.

पाकळी हलेना. पंधरा मिनिटं गेली. इटालियनचंही एकदा विचारून बघा, असं गुरुदासने सुचवलं. भिकाजींनी तेही केलं. देवाला इटलीचंही अप्रूप नव्हतं.

"गुरुदासा," भिकाजी शांतपणे म्हणाले, "देव गप ऱ्हवता तेव्हा सवाल खोटो आसता. खरो सवाल काय?"

गुरुदास खांबावरचं कोरीवकाम बघू लागला. मग कोमलच बोलली. "बाबा, माका खबर आसा. तू उतारार पडलंस, पण डब्यात भरूच्या आदी मी ब्रेक बघलंय. ते बरे होते."

गुरुदासला लाज वाटली. ही पोर सात महिने हे पोटात ठेवून आपली वाट बघत राहिली, याचं त्याला लाजेहून जास्त वाईट वाटलं.

भिकाजींनी पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्यो उतारार पडलो, आता भिता. आसा त्याच सायकलीन ह्या कोमल चेडवाबरोबर भायर पडूंदे? पडूंदे तर उजवी दी."

या वेळी साथ कुणी दिली नाही. सगळे गुरुदासकडे बघत होते.

"व्हय म्हाराजा," शेवटी गुरुदासच म्हणाला.

थोड्या वेळाने उजवी पाकळी पडली. ती देवाने दिली की वाळून सुटली, हे तिथे कुणी विचारत नाही.

दुपारी पत्र्याचा डबा उघडला आणि दोन तासांत जुने ब्रेक, गिअर, चेन जागच्या जागी बसले. सुशीलाने न सांगता मिरच्यांची पिशवी दुसरीकडे हलवली.

रविवारी सकाळी दोघं निघाले. पहिलाच उतार तो, गावाबाहेरचा. गुरुदास माथ्यावरच खाली उतरला आणि सायकल हातात धरून चालू लागला. कोमलला पुढे जाऊन खाली थांबता आलं असतं, पण तीही उतरली. तेवढ्यात मागून एक टिपर आला. चालवणारा प्रशांत गुरुदासच्या गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक होता. गाडी हळू करून त्याने विचारलं, ब्रेक गेले की काय?

सात महिन्यांचं उत्तर तोंडात तयार होतं. जपान, इटली, अमेरिका, सगळे देश रांगेत उभे होते.

"ब्रेक बरे आसत," गुरुदास म्हणाला. "माका भंय दिसता."

प्रशांतने मान हलवली आणि टिपर पुढे काढला. उताराचा शेवटचा तुकडा उरला तेव्हा गुरुदास सायकलवर बसला, आणि दोन्ही ब्रेक घट्ट धरून, शेजारी पायी चालणाऱ्या कोमलपेक्षाही सावकाश खाली उतरला.