पेशंट हलला

रुग्णालयातल्या एक्स-रेवाल्याला सगळे रोखाभाऊ म्हणत. कारण एकोणीस वर्षं ते दिवसभरात तीनच वाक्यं बोलत आले होते : श्वास घ्या, रोखा, सोडा. हातपाय मोडलेल्यांसाठी चौथं एक होतं, हलू नका. तीही कुणाच्या तोंडावर नाही. शिशाच्या काचेमागे उभं राहून माइकमध्ये. माइकला एक खटका होता. वर केला की आवाज बाहेरच्या बाकड्यांपाशी जायचा, "अकरा नंबर", आणि खाली केला की आतल्या खोलीत. कधी खटका खाली करायचा राहिला, तर बाहेरची अख्खी रांग श्वास रोखून बसायची.

"भाऊ, सोडा म्हणायला तेवढं विसरू नका," असं वॉचमन येताजाता म्हणायचा. रुग्णालयातला हा सगळ्यात जुना विनोद होता, आणि देखभाल न करता चालणारी ती तिथली एकमेव वस्तू होती.

घरी तर एवढंही बोलणं नव्हतं. आई गेल्यापासून कुकर तीन शिट्ट्या द्यायचा, रोखाभाऊ गॅस बंद करायचे, आणि दोघांचं त्या दिवसापुरतं बोलणं संपायचं.

मग वरून पत्र आलं. पेशंटशी पहिला संबंध येणाऱ्या सर्वांना घरगुती हिंसाचाराबाबत प्रशिक्षण द्यावे. डॉक्टरांना वेळ नव्हता, त्यामुळे ज्यांना नाही म्हणायची सोय नाही अशांची यादी झाली : वॉचमन, केसपेपरच्या खिडकीवरच्या बाई, ड्रेसर, दोन मावशी आणि रोखाभाऊ.

प्रशिक्षण देणाऱ्या बाई लांबून आल्या होत्या आणि प्रोजेक्टर चालत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उलट खुलला. त्यांनी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या. एकटीला गाठा. सरळ विचारा. मग गप्प बसा.

"गप्प बसायला भाऊंना शंभरपैकी शंभर," वॉचमन म्हणाला.

मग नाटक झालं. वॉचमन नवरा झाला आणि त्याने त्या कामात इतका जीव ओतला की मावशींनी त्याला चहाच्या सुट्टीत बिस्किट दिलं नाही.

"पण मॅडम, एकटीला गाठायचं कुठे?" खिडकीवरच्या बाईंनी विचारलं. "नवरा नाव सांगतो, नवरा वय सांगतो, कुठे दुखतं तेही नवराच सांगतो. वजनकाट्यावर सुद्धा सोबत चढेल मेला."

"ड्रेसिंगला पण आत येतात," ड्रेसर म्हणाला. "धरायला हवं म्हणून."

तेव्हा मागच्या खुर्चीवरून रोखाभाऊ म्हणाले, "माझ्या खोलीत कोणी येत नाही."

सगळे हसले. त्यांना वाटलं, भाऊ मन मोकळं करतायत. बाई मात्र खडू हातात धरून थांबल्या.

"म्हणजे?"

"किरणं असतात. लाल दिवा लागला की नातेवाईक बाहेर. एकटा पेशंट आत. नियमच आहे."

त्या दिवशी रोखाभाऊंना कळलं की रुग्णालयात कमी पडणारी एक गोष्ट आपल्याकडे गेली एकोणीस वर्षं पडून आहे. झोप मात्र लागली नाही. चिठ्ठीवर 'डावं मनगट' लिहिलेलं असायचं, आणि फोटोत मनगटाच्या जरा वर एखादं जुनं, आपलं आपण वेडंवाकडं जुळलेलं हाड दिसायचं. चिठ्ठीवर ते मागितलेलं नसायचं. रोखाभाऊ मनगटाचा तेवढा फोटो काढून द्यायचे.

पुढच्याच आठवड्यात चौदा नंबर आला. पस्तिशीची बाई, डावं मनगट. नवरा अगदी सभ्य. तिची पर्स त्याच्या खांद्याला.

"काका, जरा हळू हं. फार दुखतंय तिला. बाथरूममध्ये घसरली."

लाल दिवा लागला, नवरा बाहेर गेला. पडद्यावर मनगट उमटलं, आणि त्याच्या वर ते जुनं हाडही. काचेमागून बाहेर येऊन तिच्यासमोर उभं राहावं, असं प्रशिक्षणाच्या बाईंनी सांगितलं होतं. पण पाय काचेच्या पुढे जाईनात. त्यांना बोलायची जागा एकच माहीत होती. त्यांनी माइक धरला आणि सरळ विचारलं :

"तुम्हाला घरी कोणी मारतं का?"

त्यांचा स्वतःचाच आवाज दाराखालून परत आला. खटका वर होता.

बाहेरची रांग न सांगता श्वास रोखून बसली. बाईने रोखाभाऊंकडे पाहिलंच नाही. ती दाराकडे पाहत होती. मग दार उघडलं आणि नवरा तितक्याच सभ्यपणे म्हणाला, "झालं असेल तर निघू?"

नवीन रजिस्टरमध्ये 'विचारले : हो / नाही' असा रकाना होता. रोखाभाऊंनी 'हो'वर खूण केली. पुढे रकाना नव्हता. महिनाअखेरीस एक्स-रे विभागाचं काम समाधानकारक असल्याचं पत्र आलं.

रोखाभाऊ पत्र घेऊन केसपेपरच्या खिडकीवर गेले.

"चौदा नंबरचा पत्ता असेल?"

"असेल की," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. "आणि जाऊन काय सांगाल? त्या दिवशी चुकून गावाला ऐकू गेलं, माफ करा?"

रोखाभाऊ उभेच राहिले. बाईंनी आवाज खाली आणला. "प्लास्टर सहा आठवड्यांनी निघतं, भाऊ. फोटोला यावंच लागेल. आली तर."

त्या 'आली तर'वर रोखाभाऊंनी उरलेले आठवडे काढले. नंबर माइकवर पुकारणं त्यांनी सोडून दिलं, प्रत्येक वेळी दारात येऊन तोंडाने सांगू लागले. त्यामुळे कामाला उशीर होतो म्हणून मेमो आला. घरी जेवण झालं की ते रिकामी खुर्ची ओढून समोर बसायचे आणि तिला प्रश्न विचारायचे, हळू. मग प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे गप्प बसायचे. खुर्चीही बसायची.

ती आली. नवरा सोबत होता, पर्सही होती त्याच्याच खांद्याला. त्याने रोखाभाऊंना ओळखलं आणि छान हसला.

"काका, आज लवकर सोडा हं."

लाल दिवा लागला. रोखाभाऊंनी फोटो काढला, मग काचेमागून बाहेर आले आणि तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले. इतक्या जवळून पेशंटचा चेहरा बघायची सवय नसल्याने त्यांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"त्या दिवशी खटका वर राहिला. चूक माझी."

"आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी," ती म्हणाली. "बरे गेले ते आठ दिवस."

"आणि नवव्या दिवशी?"

तिने दाराकडे पाहिलं. रोखाभाऊ गप्प राहिले. हे त्यांना जमत होतं.

"दार बाहेरून उघडतं का?" तिने विचारलं.

"उघडतं. पण लाल दिवा असेपर्यंत कोणी उघडत नाही. घाबरतात."

"दिवा किती वेळ ठेवता येतो?"

एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "मी बंद करेपर्यंत."

ती टेबलाच्या कडेला बसली. रोखाभाऊंनी खिशातून मदतकेंद्राच्या नंबरचं कार्ड काढलं, प्रशिक्षणाच्या बाईंनी दिलेलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"पर्स बघतात. खिसेपण. तुम्ही वाचा, मी पाठ करते."

त्यांनी वाचलं. दहा आकडे. तिने म्हणून दाखवले, सातवा चुकला. पुन्हा वाचले. या वेळी नववा. तिसऱ्यांदा ती सहाव्यापर्यंत आली आणि दारावर टकटक झाली. सभ्य, दोनदा.

"काका? अजून झालं नाही?"

तिचा सातवा आकडा ओठावरच राहिला. रोखाभाऊ काचेमागे गेले. खटका वर आहे याची त्यांनी बोटाने खात्री करून घेतली.

"पेशंट हलला," बाहेरच्या बाकड्यांना त्यांचा आवाज ऐकू आला. "परत काढावा लागेल. बाहेर थांबा."

मग खटका खाली केला, माइक ठेवला, आणि ते पुन्हा तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"हं," ते म्हणाले. "पहिल्यापासून म्हणा."