तेराव्या महिन्यात समुद्रावर

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. जुनी म्हटले की तुम्ही लगेच अडगळ समजता, म्हणून आधीच सांगून टाकते. माझे कुलूप अजून पहिल्या फिरकीला उघडते आणि बिजागऱ्या कुरकुरत नाहीत. भोर गावात एका पलंगाखाली माझा मुक्काम असतो. शेजारी एक फुटकी कुंडी आहे, पण तिच्याशी माझे फारसे जमत नाही.

पुण्याच्या रविवार पेठेत एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले. अंगाला हिरवा रंग दिला, झाकणावर दोन गुलाब काढले. १९२७ साली रघुवीरराव आणि मालिनीबाई यांचे लग्न झाले, त्या लग्नात मी या घरी आले. रघुवीरराव भोरला एका वकिलांकडे कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, स्वभाव गरीब. पण कुठलेही काम हाती घेतले की चारही बाजूंनी इतका विचार करायचे की काम बिचारे ताटकळून जायचे.

मालिनीबाई वाईच्या. त्यांच्या आईचे माहेर मात्र श्रीवर्धनला, थेट समुद्रकाठी. आई त्यांच्या लहानपणीच गेली. "तुला एकदा आमचा समुद्र दाखवीन," एवढे तिचे बोलणे राहून गेले होते. लग्नानंतर महिनाभरात मालिनीबाईंनी नवऱ्याला सांगितले, "मला आईचा समुद्र बघायचाय. दुसरं काही मागणार नाही."

"जाऊ की," रघुवीरराव म्हणाले. "फक्त चांगला मोसम बघून जाऊ."

इथेच घोडे अडले, मित्रांनो, आणि चांगली सात वर्षे अडले.

रघुवीररावांनी माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद डकवला. त्यावर चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिने लिहिले आणि समोर शेऱ्यासाठी जागा सोडली. कचेरीतली सवय घरी आली, दुसरे काय. दरवर्षी एक-दोन महिने ठरायचे. मालिनीबाई मला पुसून बाहेर काढायच्या. लुगडी, धोतरे, फिरकीचा तांब्या, साबणाची वडी, दशम्यांचा आणि लाडवांचा डबा, सगळे माझ्यात बसायचे. मी फुगून तयार. आणि निघायच्या आदल्या दिवशी रघुवीरराव दौत-टाक घेऊन माझ्यासमोर बसायचे. चैत्र : उकाडा फार. ज्येष्ठ : वळवाचा भरवसा नाही. आषाढ : घाटात दरडी. श्रावण : उपासांमुळे प्रवासात अशक्तपणा. कार्तिक : दिवाळीत घर बंद ठेवू नये. पौष : पौषात नवे काही करू नये. माघ : कचेरीत तारखा फार.

शेरा पडला की सामान बाहेर. लाडू घरीच संपायचे. बारा वेळा मी भरले आणि बारा वेळा रिकामी झाले, पण भोरची वेस काही ओलांडली नाही. शेजारच्या बायका हसायच्या, त्याचे मला फार वाईट वाटे. मालिनीबाई मात्र भांडल्या नाहीत. लुगडी काढून त्या पुन्हा फडताळात रचून ठेवत.

श्रीवर्धनला त्यांची मावशी होती, चंद्राबाई. रघुवीरराव तिला दरवर्षी लांबलचक पत्र घालून विचारायचे, कोणता महिना उत्तम. तिचे उत्तर एकाच ओळीचे असायचे. "समुद्र बारा महिने इथेच असतो, या."

१९३४च्या फाल्गुनात कागदावरचा शेवटचा रकाना भरला. "फाल्गुन : होळीच्या दिवसांत रस्त्यात दांडगाई." बाराही महिने बाद झाले. त्या दिवशी मालिनीबाईंनी मला ऊन दाखवायला अंगणात आणले, झाकण उघडे टाकले आणि माझ्याशेजारीच बसून राहिल्या. डोळे भरून आले होते. आता कशाला मागायचे, असे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसले.

तेवढ्यात भाटघरच्या ठकुबाई दुधाचा रतीब घालायला आल्या. त्यांना अक्षर ठाऊक नव्हते, पण नजर तिखट. त्यांनी कागदाकडे बोट केले.

"वैनी, ह्ये काय लिवलंय?"

"महिने आहेत, ठकुबाई. समुद्रावर कधी जायचं नाही, त्याची यादी."

ठकुबाईंनी एकेका ओळीवर बोट ठेवत मोजले. "धा, अकरा, बारा. आन् तेरावा कुठं हाय?"

"तेरावा कुठला?"

"यंदा धोंडा न्हाई का? वैशाख दोनदा येतोय. आमच्या घरात आत्तापासनं अनारशाचं चाललंय. धोंड्याच्या म्हैन्यात जावयाला वाण द्यायचं असतं न्हवं?"

मालिनीबाई सात वर्षांत हसल्या नव्हत्या इतक्या हसल्या. पंचांग बघणाऱ्या माणसाने अधिक महिनाच विसरावा, याला काय म्हणावे. त्याच दुपारी त्यांनी मावशीला पत्र टाकले. आठवड्यात उत्तर आले, आणि या खेपेला ते रघुवीररावांच्या नावाने होते. "चि. रघुवीररावांस आशीर्वाद. आमची ताई असती तर जावयाचे अधिकाचे वाण तिने दिले असते. तिच्या माघारी तो मान माझा. तेहतीस अनारसे तळून वाट पाहते. न आल्यास रुसेन."

रघुवीरराव टाक घेऊन माझ्यासमोर बसले. पण लिहायचे कुठे? अधिकात लग्नकार्ये नसतात, वकिलांना सुट्टी होती, घाट कोरडा होता. शिवाय सासरचा मान कोण टाकणार? त्यांनी टाक खाली ठेवला. चेहरा मात्र पांढरा पडला होता. मला वाटले, उन्हाने असेल.

तर मित्रांनो, अशी मी एकदाची निघाले. सर्व्हिस मोटारीच्या टपावर मला दोरखंडाने बांधले होते. नीरेच्या काठाकाठाने जात मोटार वरंध घाटात शिरली आणि माझा आनंद काही पोटात मावेना. खरे म्हणजे पोटात लाडूच इतके होते. महाडपासून पुढे दोन दिवस बैलगाडी.

मावशीच्या वाडीकडे जायला वाळूवरूनच वाट होती. तिथे गाडीचे चाक रुतले. गाडीवानाने ओझे हलके करायला मला उतरवून वाळूत ठेवले. मालिनीबाई उतरल्या, आणि समोर तो होता.  लुगडे घोट्यावर घेऊन सरळ पाण्याकडे चालत गेल्या, आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर घेतले. आईला भेटल्यासारख्या त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. मलाही भरून आले.

आणि आमचे रघुवीरराव? ते माझ्यावर बसले होते, दोन्ही पाय वर घेऊन.

"साहेब, उठा, भरती लागली," गाडीवान म्हणाला. रघुवीरराव हलेनात. एक लाट माझ्या बुडाखालून गेली. दुसरीने मला चारी बाजूंनी वेढले. पाणी वीतभरसुद्धा नव्हते, पण हा गृहस्थ माझी कडी घट्ट धरून बसलेला. 

मालिनीबाई परत आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

"मला पाण्याची भीती वाटते," रघुवीरराव खाली बघून म्हणाले. "लहानपणी नीरेच्या डोहात बुडत होतो. तेव्हापासून. ते शेरे सगळे खोटे होते."

"ठाऊक आहे मला. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मला एकटीला जाता आलं असतं. पण तुमच्याबरोबर यायचं होतं."

त्यांनी हात पुढे केला. रघुवीररावांनी एक पाय खाली टाकला, मग दुसरा. घोट्याएवढ्या पाण्यात दोघे बराच वेळ उभे होते. गाडीवानाने चाक काढले, बैल जुंपले, तरी त्यांना पत्ता नव्हता.

त्यानंतर आम्ही आणखी चार वेळा समुद्रावर गेलो. तेव्हा मोसमाचे मला विचाराल तर सांगते. मार्गशीर्षात हवा गोड आणि पाणी निवांत. वैशाखात घामाच्या धारा, पण आंबे आणि फणस. आषाढात मात्र समुद्राच्या वाटेला जाऊ नका, तो कोणाचे ऐकत नाही. रघुवीरराव गुडघ्याच्या पुढे कधी गेले नाहीत, आणि त्यांना कोणी चिडवलेही नाही.

पुढे लढाईच्या दिवसांत माझ्यात रेशनचे तांदूळ भरले. मग गोधड्या. आता माझ्याकडे फारसे कोणी बघत नाही. खाऱ्या पाण्याने माझ्या बुडाला गंज धरलाय. परवा त्यांची मुलगी कुंदा तो घासून काढायला निघाली. मालिनीबाई म्हणाल्या, "झाकण पूस, गुलाब पूस. तेवढा गंज राहू दे."

म्हणून मित्रांनो, एवढीच विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेवरून कधीमधी फडके फिरवा, बिजागऱ्यांना तेलाचे बोट लावा. आणि तुमच्या घरात कोणी "मला अमुक एक बघायचंय" असे म्हणून गप्प बसले असेल, तर पंचांग उघडण्याआधी त्या माणसाशेजारी जाऊन बसा. काय अडलेय, ते खरे खरे सांगा. मग मला पलंगाखालून ओढा. मी लगेच निघते.