सिकासोचे डावखुरे

मालीतलं सगळं सिकासो एका दुपारीत डावखुरं झालं, आणि दोष झुमाना दियाराचा होता.

दोष झुमानाचा असणं सीतान त्राओरेला सोयीचं होतं. त्राओरे आणि दियारा ही थट्टेच्या नात्यातली घराणी. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चवळीखाऊ म्हणायचं, आणि रागवायचं नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. झुमानाच्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनर होता. सीतानच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेल्यावर तिच्याकडे बिस्किटांचे डबे भरून निगेटिव्ह उरल्या होत्या. ती भूगोल शिकवायची त्या शाळेला सुट्टी लागली तशी तिने ठरवलं, हे फोटो इंटरनेटवर टाकायचे. परदेशी गेलेल्या सिकासोकरांना आपापले आजे-पणजे बघू देत.

ती मऊ ब्रशने फिल्मवरची धूळ झाडायची, झुमाना पट्टी काचेवर ठेवायचा, मग ती कॉम्प्युटरवर ओरखडे पुसून फिकट चेहरे उजळायची. सगळं यथासांग झालं. फक्त झुमानाने प्रत्येक पट्टी उलट्या बाजूने ठेवली होती. त्यामुळे फोटो चढले आणि मुख्याध्यापक, व्याही, खुद्द मशिदीचे इमाम, सगळे बिनदिक्कत डाव्या हाताने हात मिळवताना दिसू लागले. पॅरिसहून कुणीतरी लिहिलं, "आमचे आजोबा जन्मभर लोकांचा असा अपमान करत होते, आणि कुणी बोललं कसं नाही?"

"तुम्हा त्राओरेंचा कॅमेराच उलटा," झुमाना म्हणाला. "गुलामांच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं."

"चवळीचा वात डोक्यात गेलाय तुझ्या. पट्टी तू ठेवलीस."

सीतान शेवटी शिक्षिका. तिने नियम केला. ज्या फोटोत डावा हात दिसेल तो उलटवायचा. ज्यांत हातच नव्हते ते कुणाला खटकले नाहीत, म्हणून तसेच राहिले. तासाभरात गाव सभ्य झालं. बसस्टँडवरचा एक फोटो तर मुळातच शहाणा निघाला. त्यात उजवा हात होता, म्हणून सीतानने त्याला बोटही लावलं नाही.

त्यात तिची न्येबा आत्या होती, आणि आत्याचा धाकटा भाऊ लस्साना, दूर गाबोनमधल्या लिब्रेव्हिलला निघालेला. वडिलांनी हा फोटो कधी छापलाच नव्हता. गेलेला माणूस परत आल्याशिवाय निरोपाचा फोटो छापायचा नाही, असं त्यांचं तत्त्व होतं.

लांबच्या प्रवासाला निघणारा घरच्यांना डावा हात देतो. मुद्दाम केलेली आगळीक असते ती. ती निस्तरायला त्याला परत यावंच लागतं. लस्साना आला नाही. आत्याचं म्हणणं, येणार कसा, त्याने उजवा दिला होता, तिकीट कापणाऱ्याला देतात तसा. त्या दिवशी रडताना आपला स्वतःचा कुठला हात पुढे होता हे तिला आठवत नव्हतं. राग मात्र नीट आठवत होता. दर ईदला त्याचा फोन आला की ती दुसऱ्याच्या हाती द्यायची. आता लस्साना म्हातारा झाला होता, सुतारकाम सुटलं होतं. "ताई बोलली तर येतो," एवढंच म्हणायचा.

सीतानला तो यायला हवा होता, आणि तिनेच आत्याला पुरावा पुरवला होता. आत्याने तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत अख्ख्या भावकीला पाठवला.

लस्सानाचा फोन आला. "पोरी, मी डावाच दिला होता गं. शपथ." मग जरा थांबून, "निदान कालपर्यंत तरी खात्री होती. फोटो बघून मलाच वाटायला लागलंय..."

सीतान चपला न घालता दुकानात पोचली. पट्टी उजेडात धरली. फिल्मच्या कडेला कंपनीने छापलेले बारीक आकडे सरळ वाचता येतील अशी फिरवली. लस्सानाचा हात डावा होता.

आत्याला बोलावलं. आत्या आली, ती जिंकलेल्या माणसाच्या चालीने. आकडे वगैरे तिने उडवून लावले. "आकडे काय, तुझा चष्मा म्हणेल ते."

"बरं, आकडे राहू दे. ही एकच पट्टी आहे ना? लस्सानाकाकाशेजारी हे कोण?"

"इमामसाहेब. बालांच्या घरच्या लग्नात. नवरदेवाचा हात धरलाय."

"आत्या, पट्टी एक, तिची बाजू एक. अशी धरली तर काकाने उजवा दिला, पण मग इमामसाहेबांनी नवरदेवाला डावा दिला. अशी धरली तर इमामसाहेबांनी उजवा, आणि काकाने डावा."

आत्याने पट्टी इकडून पाहिली, तिकडून पाहिली.

"ठरवा आत्याबाई," झुमाना म्हणाला. "त्राओरेंपैकी एक तरी खरं बोलतो असं मानायचं, की इमामसाहेबांना बेअदब ठरवायचं? मला दोन्ही अवघड दिसतंय."

"तू गप रे, चवळीच्या पोत्या." आत्या म्हणाली. बाहेर कुणी आंबेवाली भाव करत होती. मग आत्याने डोक्यावरचं फडकं सारखं केलं. "इमामसाहेब असं करणार नाहीत," ती म्हणाली. "लाव फोन."

पलीकडे "हॅलो" व्हायच्या आत तिने सुरुवात केली. "गाढवा! डावा हात देऊन गेलास आणि मला सांगितलं नाहीस?"

"ताई, तुझ्याच हातात दिला होता!"

"रडत होते ना मी! मोठ्याने सांगायला काय झालं होतं? इतकी वर्षं फुकट रागवायला लावलंस!"

पलीकडून हसल्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा.

"येऊ का गं?"

"विचारतोस काय! अपमान करून बसलायस माझा, निस्तरायला दुसरं कोण येणार? आणि हे बघ, बसमधून उतरलास की आधी उजवा हात. पिशवी डाव्यात धर. जेवलास का?"

पुढे दोघं काय काय जेवले होते, याचा इतक्या वर्षांचा हिशेब निघाला. झुमाना कुलूप हातात घेऊन उभा होता. आत्याने त्याला बसायची खूण केली.