बाईसाहेब, भिंगरी आणि बाबांची ज्येष्ठता यादी

"एका घरात दोन कुत्र्या असल्या, तर त्यांच्यातली मोठी कोण, हे माणसांनी ठरवायचं की कुत्र्यांनी?"

हा प्रश्न मी शाळेच्या सभागृहात, माइक हातात घेऊन, चारशे मुलामुलींसमोर विचारला. विचारून दाखव, अशी पैज चष्मिस आणि लंबूनं लावली होती. या माझ्या दोन मैत्रिणी, आणि त्यांच्यापुढे माघार घ्यायची म्हणजे वर्षभर ऐकून घ्यायचं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आम्हाला पाळीव प्राण्यांबद्दल सांगायला आल्या होत्या. शेवटी त्यांनी काही शंका आहेत का म्हटल्यावर सगळेजण नेहमीप्रमाणे आपापले बूट बघायला लागले. दोन महिन्यांपूर्वीची मी असते तर मीही बूटच बघितले असते. पण नुकतीच मी वादविवाद स्पर्धेत पहिली आले होते आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

सभागृह खदाखदा हसलं. मागच्या रांगेतून कोणीतरी भुंकलंसुद्धा. डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. घरी भांडणं होतात का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी रक्त निघतं का, असं विचारलं.

"दोनदा निघालंय," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, दोघींना दवाखान्यात घेऊन ये, पण एकत्र नको, वेगवेगळ्या वेळी. पैज मी जिंकले.

आता दोघी कोण ते सांगते. बाईसाहेब बारा वर्षांची. मी तीन वर्षांची असताना बाबांनी आणली, तेव्हा तिचं काहीतरी वेगळंच नाव होतं, पण तिची बसण्याची ऐट बघून सगळे बाईसाहेबच म्हणायला लागले. भिंगरी अडीच वर्षांची. आई बसस्थानकात काम करते, कुठली गाडी कुठे लागली हे माइकवरून सांगते. तिच्या खिडकीमागे एका खोक्यात भिंगरी कुईकुई करत पडलेली सापडली. आईनं ती पर्समधून घरी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. त्या क्षणापासून ती माझी.

पहिलं दीड वर्ष सुरळीत गेलं. भिंगरी बाईसाहेबांच्या अंगावर लोळायची, बाईसाहेब वैतागून उठून जायच्या, बस. मग भिंगरी मोठी झाली आणि भांडणं लागली. कशावरून लागायची म्हणाल तर कशावरूनही. दारातून आधी कोण जाणार, बाबांच्या खुर्चीखाली कोण बसणार, मी शाळेतून आल्यावर आधी कोणाच्या डोक्यावर हात फिरवणार. आधी नुसतं गुरगुरणं होतं. मग दात दिसायला लागले. मग एक दिवस भिंगरीच्या मानेची कातडी फाटली आणि पुढच्या महिन्यात बाईसाहेबांचा पंजा.

यावर बाबांनी उपाय काढला, आणि तो फक्त माझे बाबाच काढू शकतात. बाबा एका मोठ्या कार्यालयात आस्थापना विभागात आहेत. कर्मचाऱ्यांच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या करणं हे त्यांचं काम. त्यांनी आमच्या कुत्र्यांची ज्येष्ठता यादी केली. रीतसर टाइप करून फ्रिजवर चुंबकानं लावली. अनुक्रमांक एक, बाईसाहेब. अनुक्रमांक दोन, भिंगरी. खाणं, पट्टा, दार, खुर्ची, लाड, सगळं याच क्रमानं होईल. खाली लिहिलं होतं: हरकती असल्यास सात दिवसांत लेखी कळवाव्यात.

मी भिंगरीच्या वतीनं हरकत दाखल केली, तिच्या पंजाला शाई लावून ठसाही उमटवला. बाबांनी ती वाचली, पेन काढलं आणि कोपऱ्यात लिहिलं, "नाकारण्यात येत आहे." आम्ही तिघंही पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावरही यादी फ्रिजवरच राहिली.

आईनं मला नंतर स्वयंपाकघरात हळूच सांगितलं की बाबांना याबद्दल जास्त चिडवू नकोस. पाच वर्षांपूर्वी बाबांनी ज्याला काम शिकवलं, तोच त्यांना डावलून त्यांचा साहेब झाला. बाबा आजही त्याला रोज सकाळी उठून उभे राहून नमस्कार करतात. मला हे माहीत नव्हतं. त्यानंतर यादीबद्दल बोलायला माझी जीभ उचलली नाही.

मग यादीप्रमाणे सुरू झालं. खायच्या वेळी मी भिंगरीचा पट्टा धरून उभी राहायची आणि बाबा बाईसाहेबांपुढे भांडं ठेवायचे. बाईसाहेब आधी भांड्याकडे बघायच्या, मग बाबांकडे, मग मान वळवून भिंगरीकडे बघून गुरगुरायच्या. भिंगरी माझ्या हातात थरथरायची. बाबा म्हणायचे, बघ, तिला कळतंय आपली जागा कुठली ते. मलाही तसंच वाटायचं. भांडणं मात्र आठवड्यातून एकदा व्हायची ती तीनदा व्हायला लागली. आणि भांडण झालं की बाबा बाईसाहेबांना उचलून घ्यायचे आणि भिंगरीला बोलायचे. मग मी बाबांवर चिडायची, आई माझ्यावर, आणि घरात तीन माणसं आणि दोन कुत्र्या अशी पाचजणं पाच कोपऱ्यांत बसायची.

दवाखान्यात आधी बाईसाहेबांना नेलं. बाबांनी यादीची सगळी पद्धत सांगितली. डॉक्टरीणबाईंनी तिचे मागचे पाय दाबून बघितले, कंबर हलवून बघितली. मग डोळ्यांत बॅटरी मारली, एकदा उजव्या, दोनदा डाव्या. तिची कंबर दुखते, त्या म्हणाल्या, आणि डाव्या डोळ्यानं तिला जवळपास दिसत नाही. भिंगरी डावीकडून आली की ती दचकते, दचकली की चावते. भिंगरी आधी मागे सरत असणार. पण तुम्ही तिला धरून ठेवलंत, तिला मागे सरायला जागाच राहिली नाही. शिवाय बाईसाहेब तुमच्या जोरावर भांडते. तुम्ही नसलात तर ती भानगडीत पडणारच नाही कदाचित.



"म्हणजे यादी चुकली?" बाबांनी विचारलं.

"यादी चुकली नाही हो," त्या म्हणाल्या. "यादी करायचीच नव्हती."

घरी आल्यावर बाबांनी फ्रिजवरचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. फाडला नाही.

मग नवी पद्धत आली. बाईसाहेबांना दुखण्याच्या गोळ्या. दोघींना घरात सहा आठवडे पूर्ण वेगळं ठेवायचं. एक आतल्या खोलीत, एक बाहेरच्या, दर तीन तासांनी अदलाबदल. मधल्या दाराला लाकडी फाटक. खाणं वेगवेगळ्या खोल्यांत, खेळणी उचलून कपाटात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलंही दार उघडण्याआधी मोठ्यानं "दार" म्हणायचं आणि पलीकडून "उघड" असं उत्तर आल्याशिवाय कडीला हात लावायचा नाही. आई ते आपल्या कामाच्या आवाजात म्हणायची, त्यामुळे बाथरूममधून बाहेर येतानाही वाटायचं की आता गाडी सुटणार. चौथ्या आठवड्यात दोघींना रस्त्याच्या दोन कडांनी, एक बाबांकडे, एक माझ्याकडे, असं फिरवायला लागलो. त्या एकमेकींकडे बघायच्या आणि मान वळवायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान चाललंय, घाई करू नका.

मी घाई केली.

हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. त्या शनिवारी आई-बाबा दोघंही कामावर होते. चष्मिस आणि लंबू घरी आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, आज मी तुम्हाला तह करून दाखवते, तुम्ही व्हिडिओ काढा. मला खरंच वाटलं होतं की मला जमेल. मी सभागृहात बोलू शकते, स्पर्धा जिंकू शकते, तर दोन कुत्र्या काय मोठ्या लागून गेल्या? मी दोघींच्या तोंडाला जाळ्या लावल्या आणि फाटक उघडलं. दहा मिनिटं त्या माझ्या दोन बाजूंना शांत पडून होत्या. बाईसाहेबांनी तर डोळे मिटले. लंबू कुजबुजत म्हणाली की तू मोठेपणी हेच कर. मला इतका आनंद झाला की मी दोघींच्या जाळ्या काढल्या. बक्षीस म्हणून.

भिंगरीनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. ती बाईसाहेबांच्या डाव्या बाजूला होती.

पुढचं मला सलग आठवत नाही. चष्मिस टेबलावर चढली होती एवढं आठवतं. लंबूनं पाण्याचा जग ओतला, त्याचा उपयोग झाला नाही. मी खुर्ची मध्ये घातली, खुर्ची पडली. मग जे कधीच करायचं नाही म्हणून दहा वेळा बजावलं होतं ते मी केलं, हात घातले. मनगटात दात रुतले तेव्हा मी किंचाळले. भिंगरीनं त्याच क्षणी तोंड सोडलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाईसाहेबांनी सोडलं नाही. माझं मनगट त्यांच्याच तोंडात होतं. ते माझं आहे हे त्यांना दिसलंच नव्हतं. कळलं तेव्हा त्यांनी ते सोडलं आणि चाटायला लागल्या, आणि त्यांच्या फाटलेल्या कानातून रक्त माझ्या फ्रॉकवर गळत होतं.

मला चार टाके पडले, बाईसाहेबांना अकरा. भिंगरीच्या अंगावर एक ओरखडा.

घरी मला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी आई-बाबांना स्पष्ट सांगितलं की आता या दोघी एका छताखाली राहू शकत नाहीत, पुढचं भांडण म्हातारीला झेपणार नाही. दोघींतली एक जायला हवी. कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. तुमचं तुम्ही ठरवा म्हणाल्या.

मग दोन आठवडे कोणीच काही ठरवलं नाही. "दार", "उघड", "दार", "उघड". जेवताना आई हवापाण्याबद्दल बोलायची. बाबा माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघायचे, मग आतल्या खोलीकडे, मग ताटात. मला कळत होतं ते काय विचार करतायत. भिंगरी तरुण आहे, तिला घर मिळेल. पण भिंगरी माझी आहे, आणि आधी तिचा पट्टा धरायला त्यांनीच मला लावलं होतं. त्यांच्या तोंडून ते निघेना. आईच्याही निघेना, कारण खोक्यातून तिला उचलणारी तीच. आणि मी? वादविवादात पहिली आलेली मी रोज रात्रीच्या जेवणात तोंडात घास कोंबून बसायची, म्हणजे बोलायला लागू नये.

एका संध्याकाळी बाईसाहेब फाटकाजवळ आल्या. त्यांनी डावीकडची भिंत नाकानं चाचपली, मग कपाटाचा कोपरा, मग बाबांच्या खुर्चीचा पाय, आणि बरोबर तिथं बसल्या. हे घर त्यांना असं पाठ होतं. दुसऱ्या घरात त्यांना कुठला कोपरा सापडला असता?

आईच्या ओळखीच्या एक बाई गावाबाहेर रोपवाटिका चालवतात. त्यांचा कुत्रा गेल्या वर्षी वारला होता. मी आईला न सांगता त्यांना फोन केला आणि रविवारी भिंगरीला फिरवून आणते असं सांगून तिला घेऊन बसनं गेले. रोपवाटिकेत काळ्या मातीचा ढीग होता. मी पट्टा सोडल्याबरोबर भिंगरी त्यात लोळली, कुंड्यांच्या रांगांमधून चार चकरा मारल्या, बाईंच्या बुटांचा वास घेतला, पुन्हा लोळली. मी तिला दोनदा हाक मारली. ती दोन्ही वेळा मान वर करून माझ्याकडे बघून परत मातीत गेली. बाई म्हणाल्या, रमतेय की गं. मी हो म्हटलं.

परत येताना बसमध्ये भिंगरी माझ्या पायांवर झोपली. तिच्या केसांमधली माती माझ्या मोज्यांवर सांडत होती. मी ती झटकली नाही.

घरी आले. दार म्हटलं, उघड आलं. आई बटाटे सोलत होती, बाबा वर्तमानपत्र धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते. मी भिंगरीला बाहेरच्या खोलीत बांधलं, हात धुतले आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. गेले दोन आठवडे मी मनात या बोलण्याची तयारी करत होते, चांगले मुद्दे होते माझ्याकडे, एक दोन तीन. त्यातला एकही आठवला नाही.

"भिंगरी जाणार," मी म्हटलं. "रोपवाटिकेत. मी बघून आले."

आईच्या हातातला बटाटा पाण्यात पडला. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तू लहान आहेस, असं काहीतरी असणार, किंवा आम्ही ठरवायला हवं होतं.

"नाही बाबा, हे मी ठरवलंय. तुम्ही ठरवलंत तर मी जन्मभर तुम्हाला बोलत राहीन, आणि मला तसं बोलायचं नाहीये. शनिवारी सकाळी तिला सोडून यायचं. आई, तू घरी बाईसाहेबांजवळ थांब. बाबा, गाडी तुम्ही चालवा. पण तिथं पोचल्यावर खाली उतरू नका. तिला आत मी एकटीच घेऊन जाणार आहे."