शेजारच्या लूमची तार

भिवंडीजवळच्या कोन गावच्या मनिषाने संशोधनाच्या अनुदानासाठी अर्ज केला तो बापापायी. हिरामणने तीस वर्षं कापड विणायचा लूम चालवला आणि कान तिथेच ठेवून घरी आला. भिवंडीतल्या कामगारांचे कान किती वर्षांत जातात, ते तिला मोजायचं होतं. कॉलेजात शिकवताना आठ वर्षं तिने हाच ध्यास घेतला होता.

अनुदान एकच, आणि नियम मोठा नामी: अर्जदारांनीच एकमेकांचे अर्ज तपासून गुण द्यायचे. नावं झाकलेली. कुंपणालाच शेत राखायला सांगितलं, तर ते खाणार नाही होय!

तिच्या वाट्याला पाच अर्ज आले. चार यथातथाच. पाचवा मात्र तिने दोनदा वाचला. लूमच्या खडखडाटात कामगार हातांच्या इशाऱ्यांनी बोलतात, ते टिपून ठेवायचं कुणा परगावच्या माणसाला सुचलं होतं. हे आपल्याला का नाही सुचलं, म्हणून तिला रडू आलं. चूक एकच होती: चित्रण दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा तर लूम बंद आणि कामगार आपापल्या गावी! एवढ्यावरून अर्ज आडवा करता आला असता, आणि कुणी तिला बोल लावला नसता.

ती ओटीवर आली. बाप ओठ वाचायचा, म्हणून तोंड मोठं करून तिने विचारलं, "बाबा, शेजारच्या लूमवर सुताची तार तुटलेली दिसली, तर तुम्ही काय करायचे?"

"काय म्हंजे? आपला सोडाचा न् पयला त्याचा लूम बंद कराचा," हिरामण नेहमीसारखा ओरडला. "न्हायतर त्याचा कापड बाद. माझी तुटंल तवा तोच बगंल ना?"

मनिषाने चूक कशी सुधारायची ते चार ओळींत लिहिलं आणि दहापैकी नऊ गुण दिले. मग पाठवायचं बटण दाबलं.

अनुदान त्याच अर्जाला मिळालं. मनिषाचा नंबर दुसरा. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

नवरात्राच्या आधी नागपूरची रंजिता कॅमेरा घेऊन दारात आली. जुना लूमवाला म्हणून गावाने तिला हिरामणचंच घर दाखवलं होतं. चहा घेताना म्हणाली, "ताई, मी दिवाळीत येणार होते. अर्ज तपासणाऱ्या कुणीतरी वाचवलं बघा. नाव कळतं, तर आभार मानले असते."

मनिषाने बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली आणि बापाला लूमवरचे इशारे करून दाखवायला सांगितलं.

हिरामणचे हात चालू लागले. तार तुटली. धोटा अडकला. मालक आला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्याला बोलतं केलं होतं. शेवटी रंजिताने विचारलं, "आभार मानायचा इशारा कोणता?" बापाला तो प्रश्न मनिषालाच ओठांनी सांगावा लागला.

हिरामण हसला. "त्याचा इशाराच न्हाय. आपन वळून बगतो, तवर तो कवाच आपल्या लूमवर गेलेला असतो."

मनिषाने कप उचलले, विसळून ठेवले आणि पुढच्या वर्षासाठी आपला अर्ज उघडून बसली.