मालाचं नाव

मी सव्वीस वर्षं टँकर चालवला, त्यातली शेवटची अकरा वर्षं अ‍ॅसिडचा. आमच्या धंद्यात मला सगळे 'मास्तर' म्हणायचे, कारण नवीन ड्रायव्हर आला की त्याला नियम शिकवायचं काम माझ्याकडे असायचं. टाकीवरचा धोक्याचा फलक झाकायचा नाही. गाडी वस्तीतून घालायची नाही. काही झालंच तर आधी केबिनच्या मागचा लाल खटका ओढायचा, म्हणजे टाकीच्या आतली झडप बंद होते. मग वारा जिकडून येतोय तिकडे लांब जाऊन, कागद हातात धरून थांबायचं. पोरांकडून मी हे पाढ्यांसारखं म्हणवून घ्यायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ते कसं, हे मला बघा म्हणजे कळेल.

त्या दिवशी टाकी पाऊण भरलेली होती. बाहेरच्या रस्त्यानं दीड तास जास्त लागतो. गावातून गेलं तर वाटेत माझ्या धाकट्या बहिणीचं घर. सकाळीच तिचा फोन आला होता, "दादा, जाता जाता जेवून जा ना." मी फलकावर गोणपाट बांधलं आणि गाडी गावात घातली. जेवणासाठी. दुसरं कुठलंही कारण नव्हतं.

तिच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान आहे. मागच्या टायरात हवा कमी वाटली, म्हणून मी गाडी तिथे रिव्हर्स घ्यायला लागलो. पंक्चरवाला ओळखीचा. तो मागे उभा राहून हातवारे करत होता, "येऊ द्या, येऊ द्या." माझ्या कानाला फोन होता. बहिणीला सांगत होतो, "ताट वाढ, आलोच." तेवढ्यात मागून दणका बसला. दुकानासमोरच्या दगडी खांबावर टाकीचा मागचा पाइप आपटला होता.

आरशात पांढरा धूर दिसला. त्या धुरात पंक्चरवाल्यानं दोन्ही हात तोंडावर घेतलेले दिसले, आणि मग तो टायरांच्या चळतीमागे पडला.

कागदांची फाइल मी सवयीनं काखेत मारली आणि उडी टाकली. धुराचा एक लोट पायाशी आला. लाल खटका माझ्यापासून दोन हातांवर होता. पुढे चौकशीत मी सांगितलं की गोंधळात माझं लक्षच गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य मागे घेतलं. कारण लक्ष गेलं होतं. खटका मला दिसला होता. मी त्याच्या शेजारून पळालो.

बहिणीनं खरंच ताट वाढलं होतं. भाऊजी कामावर, घरात ती एकटी.

"गाडी कुठाय?"

"बंद पडली."

मी हात धुतले, बसलो आणि पहिला घास घेतला. हे लिहितानाही अंगाला घाम फुटतो, पण घेतला.

दहा-पंधरा मिनिटांत बाहेर भोंगा वाजला, मग लाउडस्पीकर. "घरातच थांबा. दारं-खिडक्या लावून घ्या. फटींना ओली फडकी लावा. अपघाताकडे जाऊ नका." बहीण खिडक्या लावून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिनं माझ्या पँटीकडे पाहिलं. खालच्या काठाला भोकं पडली होती. मग फाइलकडे पाहिलं.

"दादा, ती गाडी तुझी आहे."

"मालकाला फोन लावतोय मी."

"मालक गेला खड्ड्यात. तिथं कोण होतं?"

"पंक्चरवाला."

तिचा चेहरा पार उतरला. "आणि तू इथं जेवतोयस?"

 तिनं चपला पायात सरकवल्या. "ते कागद त्यांना लागत असतील. तू येतोस, की मी एकटी घेऊन जाऊ?"

मागच्या गल्लीनं वळसा घालून गेलो. वारा तिकडून दुकानाकडे वाहत होता, तेवढं तरी मास्तरला कळत होतं. पन्नाशीचा मी, धाकट्या बहिणीच्या मागून चाललो होतो. लहानपणी शाळेतून तक्रार आली की आई मला असंच घेऊन जायची.

अग्निशमन दलाच्या गाड्या दोनशे पावलं अलीकडेच थांबल्या होत्या. काठीला बांधलेली फीत वारा दाखवत होती. आडव्या दोरीमागे लोक रागानं नुसते पेटले होते. "पगार कसला घेता? माणूस मरतोय तिथं! पाणी मारा की!" एक म्हातारा ओरडला, "घाबरट कुठले!" जवानांपैकी एकानेही मान वळवली नाही. दोघं डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखात, पाठीवर हवेची नळकांडी घेऊन तयार. त्यांना काही झालं तर धावायला आणखी दोघं तशीच तयारी करत होते. बाजूला परत येणाऱ्यांना धुवायचं मोठा टब मांडलेला. पाण्याची नळी भरून ताठ झालेली होती, पण तोंड बंद.

त्यांची अधिकारी एक बाई होती. दुर्बिणीतून बघत ती वायरलेसवर बोलत होती, "फलक झाकलेला आहे. मालाचा नंबर दिसत नाही. ड्रायव्हरचा पत्ता नाही. माणूस हात हलवतोय. अजून दोन मिनिटं वाट बघते, नाहीतर आहे त्या माहितीवर आत पाठवते."

बहिणीनं मला दोरीपाशी ढकललं. "मॅडम, मी ड्रायव्हर," मी म्हणालो. मागून शिव्यांचा पाऊस सुरू झाला.

"तुमचं नाव नंतर," बाई म्हणाल्या. "मालाचं नाव सांगा."

"ओलियम." मी फाइल पुढे केली, आतला कागद त्यांनीच उपसून घेतला. "सल्फ्युरिक आहे मॅडम, धूर सोडणारं. पाणी मारू नका. पाण्यानं उसळतं."

"अंदाज होता, खात्री नव्हती." त्यांनी हात वर केला. "नळी मागे! कोरडी वाळू पुढे आणा. टाकी किती भरलीय?"

"पाऊण."

"गळती बंद करायची दुसरी काही सोय?"

"लाल खटका. केबिनच्या मागे, ड्रायव्हरच्या बाजूला."

"तुम्ही ओढलात?"

"नाही."

"पोचता आलं नाही?"

"शेजारूनच पळालो."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागावून बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. मग वळून त्यांनी आत जाणाऱ्या दोघांना सांगितलं, "जाताना खटका ओढा, मग माणूस उचला. दुसरं काही करायचं नाही."

दोघं गेले. एकानं वाटेतच हात लांब करून खटका खाली ओढला, एवढंच. धूर हळूहळू पातळ झाला. सात मिनिटांनी स्ट्रेचर बाहेर आलं. पंक्चरवाल्याचे कपडे कापून काढले आणि त्याच्या अंगावर पाण्याचा धो धो मारा सुरू झाला. सांडलेल्या मालावर पाणी घातलं तर आग, पण माणसाला पाणीच औषध. तो किंचाळला तेव्हा लोक गप्प झाले.

"आता तुम्ही," एक जवान मला म्हणाला. "कपडे काढा."

"मला काही झालं नाहीये."

"पँटीवर आहे ते. काढा, काका."

सगळ्या गावासमोर मी चड्डीवर उभा राहिलो. त्या जवानानं कुणी न सांगता एक चादर आडवी धरली. मघाशी याच लोकांना घाबरट म्हणत होते, आणि खरा घाबरट चादरीच्या आत उभा होता. बहीण पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, 'चालकाच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला.' मालकानं ते कात्रण मला फोनवर वाचून दाखवलं. "मास्तर, नशीब उघडलं तुमचं! आता फक्त एवढंच सांगायचं, गोणपाट वाऱ्यानं उडून फलकावर बसलं."

मी हो म्हणालो. पंधरा दिवसांनी चौकशी बसली, तिच्या पहिल्या दिवशी तसंच सांगितलंही.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेलो. पंक्चरवाल्याच्या एका डोळ्याची नजर कायमची गेली होती. आवाज फाटक्या भात्यासारखा झाला होता. मला वाटलं, आता हा तोंडावर थुंकेल, आणि थुंकावंच. त्याची बायको उठून मला स्टूल देऊ लागली.

"मास्तर," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. मी 'थांबा' म्हणून ओरडलो होतो. ऐकू आलं नाही का?"

"नाही. मी फोनवर बोलत होतो."

त्यानं डोळा मिटला. "असं होय. मी आपला रोज विचार करतोय, की आपलाच आवाज कमी पडला."

मला स्टुलावर बसता येईना आणि तिथून निघताही येईना. त्याच्या बायकोनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला, तो मी तसाच धरून राहिलो.

दुसऱ्या दिवशी चौकशीत मी सगळं सांगितलं. गोणपाट कुणी बांधलं, गाडी गावात कशासाठी घातली, फोनवर कोण होतं, खटका दिसला होता की नाही. लिहून घेणारा कारकून दोनदा थांबून माझ्याकडे बघायला लागला. लायसन्स गेलं, नोकरी गेली. मालक म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात." बायको आठवडाभर बोलली नाही. ते खरं सांगितल्यामुळे नव्हतं, मी तो घास खाल्ल्यामुळे होतं. बहिणीनं तिला सांगितलं होतं.

आता मी एका गोदामात गेटवर बसतो. चार-सहा महिन्यांतून एकदा त्या अधिकारी बाईंचा फोन येतो. अग्निशमन केंद्रात ड्रायव्हरांचा वर्ग असतो, त्यात त्या मला अर्धा तास देतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा नियम सांगून झाले आणि खाली बसणार, एवढ्यात मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "काका, तुमच्यावर कधी अशी वेळ आली होती का? तुम्ही काय केलंत?"

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. 

"पळालो," मी म्हणालो. "आणि जाऊन जेवायला बसलो." वर्गात कुणी हसलं नाही. मग मी पुढचं सांगायला लागलो.